शिर्क्यांचा पलंग

प्रतिभाताईंनी पॉलिशचा बोळा वाटीत ठेवला आणि लाकडावर अलगद बोट टेकवलं. बोट चिकटलं. काल संध्याकाळी दिलेला तिसरा हात आज दुपारचे तीन वाजले तरी ओलाच होता. बाकीचे तीस चषक खिडकीत ओळीने उभे होते, वाळून, चकचकीत होऊन. हे बारा मात्र रुसलेल्या जावयासारखे अंगाला काही लावूनच घेत नव्हते.

"माणिक, पॉलिशमध्ये काही गडबड आहे का रे?"

माणिकने खरादाचं, लाकूड कातायच्या यंत्राचं, बटण बंद केलं. फ्रीगंजात, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत हे त्याच्या आजोबांपासूनचं दुकान. पाळण्याचे खांब, लाटणी, पलंगाचे पाय, जे काही लाकडाचं आणि गोल असेल ते इथे व्हायचं. तो हात पुसत आला. बारांतला एक चषक उचलून त्याने नखाने खरवडला, नाकाशी नेला आणि मान हलवली.

"पॉलिश का कुछ नहीं है दीदी. लकडी तेल पी के बैठी है. बरसों का तेल. इसपे कुछ नहीं चढेगा."

"पलंगाच्या लाकडाला तेल?"

"अब वो तो शिर्के साब जाने," माणिक हसला आणि परत खरादाकडे गेला.

परवा, रविवारी, स्पर्धा होती. चषक आज रात्रीपर्यंत वाळायला हवे होते. प्रतिभाताईंनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि दुसरा बोळा करायला घेतला.

कल्पना त्यांचीच होती, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची सोय नव्हती. माधव नगरातल्या व्यायामशाळेच्या मल्लखांब स्पर्धेला दर वर्षी प्लास्टिकचे सोनेरी चषक यायचे. वर्षभरात त्यांचे पंख गळायचे आणि दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर जायचे. यंदा ताई बैठकीत म्हणाल्या, घराघरांतून जुनं लाकूड मागून आणू. माणिककडून त्याचे छोटे मल्लखांब करून घेऊ. प्रत्येकाच्या बुडाला एक चिठ्ठी चिकटवू, लाकूड कुणाच्या घरचं आणि आधी ते काय होतं याची. बक्षीस देताना ती चिठ्ठी माइकवर वाचायची. म्हणजे पोराच्या हातात नुसतं बक्षीस नाही, आख्खी गल्ली जाईल.

कमिटी आधी हसली. मग लाकूड यायला लागलं तेव्हा ठेवायला जागा पुरेना. जेवणाचे पाट आले, देव्हाऱ्याचं एक दार आलं, तुटक्या बॅटी आल्या, एका घरून पेटीची मागची फळी आली. मानसी करमरकर सासूबाईंचं अडीच शेर वजनाचं लाटणं घेऊन आली, तेव्हा तिचा नवरा फाटकापर्यंत तिच्या मागे आला आणि त्याने त्या लाटण्याला हात जोडून निरोप दिला. एका आजोबांनी भरात येऊन हातातली काठीच पुढे केली. घरी कशाच्या आधाराने जायचं, हे त्यांना ती देऊन झाल्यावर आठवलं.

मोठं लाकूड मात्र मिळेना. व्यायामशाळेत मुलींचा विभाग सुरू होऊन यंदा पंचवीस वर्षं होत होती. म्हणून मुलींचे बारा चषक हातभर उंचीचे करायचे ठरलं होतं, आणि लाटण्यातून हातभर मल्लखांब काही निघत नाही. ताई चिंतेत पडल्या, तेव्हा त्यांच्याच हाताखाली मल्लखांब शिकलेली गौरी धावून आली.

"ताई, टेन्शनच नका घेऊ. शिर्केकाका पुण्याला चाललेत मुलाकडे, कायमचे. सगळं सामान काढतायत. त्यांचा जुना पलंग मिळालाय. सागवानी आहे, एकदम बढिया."

चिठ्ठ्याही तिनेच लिहून आणल्या होत्या, सुवाच्य अक्षरात, बाराच्या बारा. 'शिर्के, फ्रीगंज. जुना पलंग.' त्यांचा गठ्ठा रबर लावून ताईंच्या पर्समध्ये होता.

बोळा भिजवता भिजवता ताईंचा हात थांबला. त्यांनी एक चषक उचलला, माणिकसारखाच नाकाशी नेला. वरून पॉलिशमधल्या चपडीचा वास होता. त्याच्या खाली दुसरा वास होता, दाट, कडवट, जुना. तो ओळखायला त्यांना विचार करावा लागला नाही. अर्धं आयुष्य तो त्यांच्या पदराला होता. धुतला तरी जायचा नाही.

एरंडेल.

मल्लखांबाला एरंडेल चोळतात. अंग खांबावरून फिरताना सालटं निघू नयेत आणि पकडही सुटू नये म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ चोळतात. पलंगाला कुणी एरंडेल चोळत नाही, शिर्क्यांसारखा टापटिपीचा माणूस तर नाहीच.

ताईंनी दुकानात नजर फिरवली. कुठे काय शोधतोय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. खरादाच्या खाली, भुश्श्यात, नारळाएवढा एक लाकडी गोळा पडला होता. माणिक त्याच्यावर पटाशी ठोकायचा, त्यामुळे एका बाजूला घावांच्या रेघा होत्या. ताई खाली बसल्या. त्यांनी भुस्सा झटकला आणि गोळ्याच्या माथ्यावर तळवा ठेवला. हजारो तळपायांनी गुळगुळीत केलेला माथा होता तो. त्याच्या कडेला चिंचोक्याएवढा टवका उडालेला होता.

तो टवका कधी उडाला हे त्यांना माहीत होतं. पंचवीस वर्षांपूर्वी मुलींचा मल्लखांब टेंपोतून उतरवताना हमालाच्या हातून निसटला होता, तेव्हा. खांबाच्या टोकावरच्या या गोळ्याला बोंड म्हणतात. दहा वर्षांची गौरी बोंडावर उभी राहताना पायाचा अंगठा त्या टवक्यात अडकवायची. 'ही माझी पायरी आहे,' म्हणायची.

"माणिक, हे कुठून आलं?"

"वो? उसी पलंग के साथ आया था. बीच में दरार है, मेरे काम का नहीं था. गौरी मैडम बोली थीं जला देना. मैंने सोचा लकडी पक्की है, ठोकने के काम आएगी."

"गौरी आली होती?"

"हाँ. विक्रांत भैया ने आरा मशीन पे टुकडे करवा के टेंपो भेजा था. मैडम साथ में थीं." माणिकने ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "क्यों दीदी, कुछ गलत हो गया?"

"नाही. हे मी नेऊ?"

"ले जाओ ना. उसका क्या है."

ताईंनी भाजीची पिशवी रिकामी केली. मेथीची जुडी हातात घेतली आणि बोंड पिशवीत ठेवलं. वाटलं होतं त्याहून ते जड निघालं.

टावर चौकातून त्या चालत निघाल्या. रिक्षावाल्यांनी विचारलं, त्यांना ऐकू आलं नाही. त्यांना राग आला होता, पण रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. आपलाच खांब आपल्याच हाताने तीन दिवस घासला, त्याला पॉलिश फासलं, आणि वर माणिकलाच विचारलं की तुझ्या पॉलिशमध्ये गडबड आहे का.

तीन महिन्यांपूर्वी अंगणात फरशी बसवायची म्हणून खांब काढला होता. व्यायामशाळेत खांब दोन. हॉलमधला मुलांचा आणि अंगणातला मुलींचा. मुलींचा खांब बुडाशी सडलाय, असं सचिव विक्रांत म्हणाला. इंदूरला दुरुस्तीला पाठवतो, स्पर्धा झाली की परत त्याच जागी उभा करतो. "शब्द देतो ताई," असंही म्हणाला. विक्रांतचा शब्द म्हणजे उन्हाळ्यातली क्षिप्रा, पात्र मोठं आणि पाणी शोधावं लागतं, हे ताईंना ठाऊक होतं. पण गौरी तेव्हा शेजारी उभी होती. तिने ताईंचा हात दाबला होता. "मी आहे ना ताई कमिटीत."

ती होती. त्याच्या दोनच महिने आधी ती सहसचिव झाली होती, व्यायामशाळेच्या कमिटीतली पहिली बाई. ताईंनी माधव नगरातल्या चाळीस घरी पेढे वाटले होते. म्हणून त्यांनी खांबाबद्दल पुन्हा विचारलंच नाही. अंगणात खांबाच्या जागी फरशी आली, फरशीवर पत्र्याची शेड आली, शेडमध्ये पळायची यंत्रं आली, तरी विचारलं नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा, ही म्हण त्या शाळेत मुलींना वाक्यात उपयोग करायला सांगायच्या. आता सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना स्वतःलाच त्याचा उपयोग करून दाखवायची वेळ आली होती.

शनिवारी सकाळी गौरी आली. ती येणारच होती, कार्यक्रमाची यादी दाखवायला. ताईंनी पोहे केले, वरून शेव आणि जिरावण मसाला घातला, लिंबाची फोड ठेवली. गौरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून यादी वाचत होती. पस्तिशीची झाली तरी उभी राहायची ती अजून चवड्यांवर भार देऊन, आता कुठेतरी चढायचंय अशी.

बोंड बाहेरच्या खोलीत, दारामागे, पिशवीतच होतं. ताई तिला खुर्चीवर बसवून समोर बसल्या.

"शिर्क्यांचा पलंग तू पाहिला होतास ना गं?"

"हो ना. मीच तर उचलवला टेंपोत."

"कसा होता?"

"जुना होता ताई, भरभक्कम. डोक्याकडे नक्षी होती, मोराची." गौरीने लिंबू पिळलं. "काका म्हणाले, आमचे दोन्ही मुलगे याच्यावर जन्मले. देताना त्यांचे डोळे भरून आले हो."

लहानपणी खोटं बोलताना गौरी डावा कान ओढायची. सराव बुडवून राजवाड्यासमोर कुल्फी खायला गेली की दुसऱ्या दिवशी तो कान लाल असायचा, आणि ताई काही न विचारता तिला दहा जोर जास्त मारायला लावायच्या. आज तिचे दोन्ही हात बशीवर होते. एकही हलला नाही. ताईंना त्या न हललेल्या हाताचंच सगळ्यात वाईट वाटलं.

"आणि खांब?"

"येतोय ना. स्पर्धा झाली की विक्रांतदादा स्वतः जाणारेत इंदूरला." गौरीने एक घास खाल्ला. "आणि समजा थोडा टाइम लागलाच, तर मुली काही दिवस दोरावर करतील. दोराला पण आजकाल खूप स्कोप आहे ताई."

ताईंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

मुलींना दोर, मुलांना खांब. हेच वाक्य पंचवीस वर्षांपूर्वी याच व्यायामशाळेच्या कमिटीने त्यांना ऐकवलं होतं. तेव्हा शाळेत मराठीबरोबर खेळही शिकवणाऱ्या प्रतिभाताईंनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून खांब आणला होता आणि अंगणात स्वतः उभं राहून पुरून घेतला होता. पहिले सहा महिने एकही मुलगी आली नाही. मग फणशांची गौरी आली. तिचे वडील फाटकाबाहेर पाठ करून उभे राहिले होते, कारण त्यांना बघवत नव्हतं. ती चढली, आणि तिला पाहून बाकीच्या आल्या. तेराव्या वर्षी पडून तिचं मनगट मोडलं तेव्हा वडिलांनी तिला घरी बसवली. ताई त्यांच्या ओट्यावर सलग अकरा दिवस जाऊन बसल्या. बाराव्या दिवशी वडील म्हणाले, न्या बुवा एकदाची.

"ताई, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"नाही गं. पॉलिशच्या वासाने डोकं दुखतंय."

उठून पिशवी आणावी आणि तिच्या पुढ्यात, पोह्यांच्या बशीशेजारी बोंड ठेवावं, असं ताईंना दोनदा वाटलं. दोनदा त्या खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला झाल्या. पण मग गौरी रडली असती. पाया पडली असती. विक्रांतचं नाव घेतलं असतं, मजबुरी सांगितली असती, आणि ताईंनी तिला जवळ घेतलं असतं. हे सगळं त्यांना इतकं स्वच्छ दिसलं की त्या बसून राहिल्या. पकडल्यावर खरं कुणीही बोलतं. न पकडता ती बोलते का, तेवढंच त्यांना पाहायचं होतं.

"उद्या चिठ्ठ्या तूच वाचणार ना माइकवर?"

"म्हणजे काय. दुसरं कोण?"

"बरं."

निघताना गौरीने चपला घातल्या आणि दारामागची पिशवी दिसताच वाकली. ताईंच्या हातातली किंवा दारातली पिशवी उचलायची तिची सवय दहाव्या वर्षापासूनची. सांगावं लागायचं नाही.

"ही कुठे न्यायचीय का ताई? माझी गाडी आहे."

"राहू दे," ताई म्हणाल्या. "उद्या बघू."

दुपारी त्या माणिकच्या दुकानात गेल्या. जाताना टर्पेंटाइन, जुन्या सुती साडीचे तुकडे आणि एरंडेलाची बाटली बरोबर घेतली. बाराही चषकांवरचं चिकट पॉलिश त्यांनी पुसून काढलं. माणिक आधी नाही म्हणत होता, मग चार त्याने स्वतः पुसले. खालचं लाकूड उघडं झालं, मधासारखं पिवळट तपकिरी. ताईंनी तळहातावर एरंडेल घेतलं आणि प्रत्येकाला चोळलं, बुडाकडून वर, मानेशी थोडं हलकं, बोंडावर थोडं जास्त. हात आपोआप चालत होते.

"दीदी, ये पलंग नहीं था ना?" माणिकने शेवटी विचारलं.

"नव्हता."

माणिकने कान पकडला. ताई म्हणाल्या, "तुझा काय दोष. तुला काय माहीत."

मग त्यांनी पर्समधून गौरीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि रबर न सोडता बाजूला ठेवला. नव्या बारा चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येकीवर एकच मजकूर : 'मुलींचा खांब. आपलं अंगण. पंचवीस वर्षं.' त्या चषकांच्या बुडाला चिकटवल्या. तेरावी चिठ्ठी लिहिताना पेन जरा अडलं. 'यावर पहिली उभी राहिली : गौरी फणसे, वय दहा.' ती त्यांनी घरी येऊन बोंडाला चिकटवली, टवक्याच्या अगदी खाली. गौरीने उद्या बारांतली एक जरी चिठ्ठी लिहिलीय तशी वाचली, तर हे तिला मंचावर द्यायचं. मग खांब गेला तर गेला. दुसरा आणता येईल, आपण दोघी मिळून आणू. ताईंनी मनाशी पक्कं केलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना रात्री शांत झोप लागली.

रविवारी व्यायामशाळेचा हॉल भरला होता. मुलांनी खांबावर कसरती केल्या, मुलींनी दोरावर. 'यंदा मुलींचा खांब दुरुस्तीला गेल्याने' असं विक्रांतने सुरुवातीलाच जाहीर केलं होतं. मुली दोरावरही छानच करत होत्या. पण उतरल्यावर त्यांच्यातली मधुरा, चौदा वर्षांची, मुलांच्या खांबाजवळ जाऊन उभी राहायची आणि कुणी पाहत नाहीसं बघून त्याला हात लावून यायची.

बक्षिसं सुरू झाली. मंचावर पाहुणे, विक्रांत, आणि माइकपाशी गौरी, मोरपंखी सिल्कच्या साडीत. ताई तिसऱ्या रांगेत होत्या. पिशवी मांडीवर होती.

गौरी चषक उचलायची, उलटा करायची, वाचायची. "करमरकर, माधव नगर. सासूबाईंचं लाटणं!" हॉलमध्ये हशा झाला आणि करमरकरांनी उभं राहून नमस्कार केला. "भय्यासाहेब पंतवैद्य, हातातली काठी!" मागून भय्यासाहेबांनी नवी काठी वर करून दाखवली. पोरं चषक घेऊन खाली येत होती आणि आपापल्या लाकडाची घरं शोधत होती. एका मुलाला त्याच्या चषकाच्या घरून लगेच जेवायचं आमंत्रणही मिळालं. हे सगळं ताईंनी मनात पाहिलं होतं तसंच होत होतं. त्यांना आनंद व्हायला हवा होता.

"आता मुलींचा विभाग," गौरी म्हणाली. "रौप्यमहोत्सवी वर्ष! जोरदार टाळ्या!"

तिने पहिला मोठा चषक उचलला. तो तिच्या हातातून किंचित घसरला आणि तिने तो सावरला. तिची बोटं लाकडावर थांबली. ताई त्या बोटांकडे पाहत होत्या. बोटांना कळलं होतं. पंचवीस वर्षं तेच तेल, तेच लाकूड, तिच्या तळव्याला कळणार नाही तर कुणाच्या कळणार. गौरीने चषक उलटा केला. चिठ्ठी वाचायला तिला लागायला हवा होता त्याहून जास्त वेळ लागला. माइकमधून तिचा श्वास ऐकू आला. विक्रांतने खुर्चीतून मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

गौरीने नजर वर केली. ती नजर सरळ तिसऱ्या रांगेतल्या ताईंवर आली.

ताईंनी पिशवीचे बंद धरले आणि त्या उठायला अर्ध्या पुढे सरकल्या. मनातल्या मनात त्या म्हणत होत्या, बोल गं. दहा वर्षांची होतीस तेव्हा नाही घाबरलीस. बोल.

"शिर्के, फ्रीगंज," गौरी म्हणाली. "जुना पलंग."

टाळ्या झाल्या. ताई खुर्चीत मागे टेकल्या.

मधुरा मंचावर गेली. पाहुण्यांनी चषक तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, आणि तेलकट लाकूड हाताला लागल्याबरोबर, खांबावर चढण्याआधी रोज करायची तसं तिने उजवा हात त्याला लावून कपाळाला टेकवला. तिचं तिलाच नवल वाटलं असावं. ती क्षणभर चषकाकडे बघत राहिली, मग फोटोसाठी हसली.

बाकीचे अकरा गौरीने उलटे केलेच नाहीत. "शिर्के, फ्रीगंज, जुना पलंग," हे ती नुसतं म्हणत गेली, दर वेळी थोडं भरभर. शेवटचा देऊन झाल्यावर तिने दोन्ही तळहात एकदा पाहिले आणि टेबलावरच्या कागदी रुमालाने पुसले, एकेक बोट.

कार्यक्रम संपला. लोक चहाकडे गेले. हॉलच्या एका कोपऱ्यात बारा मुली घोळका करून उभ्या होत्या. चषक उलटे करून एकमेकींच्या चिठ्ठ्या वाचत होत्या. ताई फाटकाकडे निघाल्या. अंगणातल्या शेडमध्ये पळायच्या यंत्रांवर कुणीतरी सतरंज्या टाकून ठेवल्या होत्या.

"ताई!"

गौरी साडी सावरत धावत आली. तिचा चेहरा उतरला होता, पण हसू तिने ठेवलं होतं.

"ताई, छान झालं ना सगळं? सगळे तुमचीच तारीफ करतायत." ताई फाटकाकडे चालत राहिल्या तशी ती जवळ आली. आवाज खाली आला. "ताई, मी तुम्हाला सांगणारच होते. सगळं निपटलं की. विक्रांतदादा म्हणाले, आत्ता ऐकलं तर पुढच्या वर्षी सचिव..."

"दमली असशील," ताई म्हणाल्या. "चहा घे जा."

"मी सोडते ना तुम्हाला घरी. द्या ती."

तिने नेहमीसारखा हात पुढे केला. दहा वर्षांची असल्यापासूनचाच तो हात. ताईंनी त्या हाताकडे पाहिलं आणि पिशवीचे बंद त्यात दिले.

"दोन्ही हातांनी धर. जड आहे."

"काय आहे एवढं?"

"लाकूड आहे. तू माणिकला जाळायला सांगितलं होतंस. त्याचं राहून गेलं."

गौरीने दुसरा हात पिशवीखाली घातला. कापडातून तिचा तळवा गोल माथ्यावरून फिरत कडेपर्यंत गेला, आणि तिथे अंगठा आत बसला.

ताई फाटकाबाहेर पडल्या. समोरून रिक्षा येत होती. त्यांनी हात केला, आत बसल्या आणि पदर नीट घेतला.

"एकच सवारी का?" रिक्षावाल्याने मागे फाटकाकडे पाहत विचारलं.

"एकच," प्रतिभाताई म्हणाल्या.